डायनासोरचं तोंड जरा मिटा की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या मुलांच्या पुरवणीत डायनासोरचं चित्र आलं होतं, रंगीत, अर्धं पान. ते बघून हे पत्र लिहायला घेतलं, थोडं लांबणार आहे, आधीच माफी मागतो. चित्रात काय होतं तर नेहमीचंच. टी-रेक्सने जबडा फाडलाय, समोर तीन शिंगांचा ट्रायसेराटॉप्स, मागे धुमसणारा ज्वालामुखी, वर वीज, आणि विजेच्या शेजारून एक उडणारा सरडा, तोही ओरडतोय. आमच्या नातवाने ते वहीत उतरवायला घेतलं आणि अर्ध्यात पेन्सिल ठेवून विचारलं, आबा, याचं तोंड दुखत नसेल का?

मी एकतीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

आता मी काही शास्त्रज्ञ नाही, वाचतो आणि चित्रं काढतो एवढंच. पण प्राणी कसे काढायचे यावर दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं मला वाटतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला स्मरणचित्र असायचं, विषय बैलबाजार आला की चाळीसच्या चाळीस पोरं एकच बैल काढायची, बाजूने, चार पाय चार काठ्या, शिंगं वर, शेपटी हवेत. खेड्यातली पोरं, घरी बैल, तरी बैल आठवायचा तो पोळ्याचा सजवलेलाच. मग मी त्यांना गोठ्यात न्यायचो आणि सांगायचो की अर्धा तास पेन्सिल काढायची नाही, नुसतं बघायचं. बसताना आधी कोणता पाय दुमडतो, माशी बसली की कातडी नेमकी कुठे थरथरते, झोपेत मान कुठल्या बाजूला जाते. त्यानंतरचे बैल बघण्यासारखे असायचे. डायनासोरच्या बाबतीत आपण सगळे अजून पोळ्याचाच बैल काढतोय, एवढंच माझं म्हणणं आहे.

आमच्याकडून ताडोबा जवळ. सफारीला गेलेल्यांना विचारा वाघ काय करत होता, दहातले आठ सांगतील झोपला होता, नाहीतर पाण्यात बूड टेकून बसला होता. पेपरात मात्र फोटो येतो डरकाळीचा. आणि एक गंमत सांगतो, यातल्या बऱ्याच डरकाळ्या म्हणजे जांभया असतात, फोटोग्राफर लोकं हे खाजगीत कबूल करतात. शिकार हा वाघाच्या दिवसातला अगदी छोटा भाग, आणि तीही बहुतेक वेळा हुकते. मग 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी चोवीस तास भांडतच होता हे आपण कुठून ठरवलं?

थोडं मागे गेलं तर कळतं. 1830 साली इंग्लंडमध्ये हेन्री डी ला बेश नावाच्या भूशास्त्रज्ञाने मेरी अ‍ॅनिंगने खणून काढलेल्या जीवाश्मांवरून एक जलरंगातलं चित्र केलं, पुरातन जगाचं असं हे जवळजवळ पहिलंच. डायनासोर नाहीत त्यात, समुद्रातले सरपटणारे प्राणी आहेत, आणि जो तो कुणाला तरी खातोय. पण त्याच चित्रात एका प्राण्याची मान दुसऱ्याच्या जबड्यात आहे आणि घाबरून त्या बिचाऱ्याची खाली विष्ठा सुटलीय! कारण त्याच सुमारास जीवाश्म झालेली विष्ठा ओळखू आली होती, तिला कॉप्रोलाइट हे नाव नुकतंच मिळालं होतं. म्हणजे पहिल्याच चित्रकाराने पोटाचा विचार केला होता, पुढच्यांनी फक्त जबडा उचलला. मग अमेरिकेत चार्ल्स नाइट आला. माणूस मोठा, नजर खूप अधू असून प्राणीसंग्रहालयात तासन्‌तास बसून जिवंत जनावरांचे स्केचेस करायचा, त्याच्याबद्दल मला फार आदर आहे. पण 1897 मध्ये त्याने एकमेकांवर झेपावणारे दोन डायनासोर रंगवले, पुढे शिकागोच्या म्युझियमच्या भिंतीवर टी-रेक्स आणि ट्रायसेराटॉप्स समोरासमोर उभे केले, आणि तेव्हापासून कॉपी करणाऱ्यांनी त्याची झेप घेतली, बैठक नाही घेतली. तुमच्या पुरवणीतलं चित्र म्हणजे त्या भिंतीच्या कॉपीची कितवी कॉपी असेल कोण जाणे.

कुणी म्हणेल मास्तर, झोपलेला डायनासोर कुणी पाहिलाय? तर पाहिलाय! चीनच्या लिआओनिंग प्रांतात बदकाएवढा एक डायनासोर मिळाला, 2004 साली त्याची माहिती छापून आली, नाव मेई लाँग, चिनी भाषेत त्याचा अर्थ गाढ झोपलेला ड्रॅगन. पाय पोटाखाली दुमडलेले, शेपटी अंगाभोवती गुंडाळलेली, मान वळवून डोकं हाताखाली खुपसलेलं. आमच्या अंगणातली कोंबडी संध्याकाळी जशी बसते अगदी तशीच.

कोंबडीवरून आठवलं. 1923 मध्ये मंगोलियात अंड्यांच्या ढिगावर एक डायनासोर सापडला, अंडी दुसऱ्या कुणाची असणार असं धरून त्याचं नाव ठेवलं ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर. नाव ठेवणाऱ्या ऑसबॉर्नने तेव्हाच लिहून ठेवलं होतं की हे नाव दिशाभूल करणारंही ठरू शकेल, पण चित्रकारांनी तेवढं वाचलं नाही, सत्तर वर्षं त्याला अंडी घेऊन पळताना काढलं. 1993 मध्ये तसल्याच एका अंड्यात त्याच्याच कुळातलं पिल्लू निघालं. नंतर तर घरट्यावर हात पसरून अंडी झाकून बसलेलेच त्याचे भाऊबंद सापडले. म्हणजे काय, तर खुडूक कोंबडी होती ती! सत्तर वर्षं एका खुडूक बसलेल्या जीवाला आपण चोर म्हणत होतो, आणि नाव तर अजूनही बदलता येत नाही, शास्त्राचा नियम आहे म्हणे.

अशा गोष्टी एकदा वाचायला लागलो की थांबवत नाही. अमेरिकेत युटा राज्यात सेंट जॉर्ज गावी चिखलात एक मांसाहारी डायनासोर उकिडवा बसला त्याचा ठसा आहे, पाय, बूड आणि टेकवलेले दोन्ही हात, तळवे एकमेकांकडे वळलेले. चित्रात मात्र त्याचे हात नेहमी ससोबासारखे खाली लोंबतात. माँटानात एका बिळात मोठा एक आणि पिल्लं दोन अशी सापडली, म्हणजे बीळ खणून राहणारेही होते. कोलोरॅडोत खडकावर मोठमोठे ओरखडे आहेत, काही पक्ष्यांचे नर मादीला दाखवायला जमीन उकरतात तशी उकरलेली, निदान 2016 साली ते शोधणाऱ्यांचं मत तसं आहे. म्यानमारच्या 9.9 कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरमध्ये, म्हणजे दगड झालेल्या झाडाच्या डिंकात, पिसाला चिकटलेली गोचीड मिळाली. गोचीड! आता सांगा, मागच्या पायाने मान खाजवणारा पिसवाला डायनासोर काढायला काय हरकत आहे, खाज तर सुटतच असणार. आणि माँटानाचाच एक लांब मानेचा डायनासोर आहे, लाडाचं नाव डॉली, त्याच्या मानेच्या मणक्यांवर श्वासाच्या इन्फेक्शनच्या गाठी दिसल्या, 2022 मध्ये हे छापून आलं. खोकत असेल हो तो, ताप पण असेल. एवढी लांब मान आणि त्यात खोकला, मला तर रात्रभर तेच डोळ्यासमोर येत होतं.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या म्युझियममधलं. सिटॅकोसॉरस, पोपटासारखी चोच, कुत्र्याएवढा, आणि त्याच्या कातडीवर रंगाच्या खुणा टिकून राहिल्यात. पाठ गडद, पोट फिकट. ड्रॉइंगवाल्याला हे लगेच कळतं, वरून ऊन पडलं की पाठ उजळते, पोटाखाली सावली येते, त्याच्या बरोबर उलटा रंग अंगावर असला की जनावर सपाट दिसतं आणि झाडीत विरून जातं, हरणाचं तसंच असतं. 2016 मध्ये बॉब निकल्स या कलाकाराने शास्त्रज्ञांबरोबर बसून त्याचं पूर्ण मॉडेल केलं, आणि ते ब्रिस्टलच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये झाडांखाली ठेवून फोटो काढले. त्याच्या रंगावरून तो मोकळ्या माळावर नाही तर दाट सावलीत वावरत असावा असा अंदाज निघाला. म्हणजे छायाप्रकाशाच्या अभ्यासातून जनावराचा पत्ता लागला! मी नोकरीत असतो तर फळ्यावर लिहून ठेवलं असतं.

2012 साली कॉनवे, कोसेमन आणि नेश या तिघा चित्रकार-अभ्यासकांनी एका पुस्तकात झोपलेला टी-रेक्स वगैरे काढून हाच मुद्दा मांडला, आणि वर एक खोडी केली. भविष्यातल्या कुणा प्राण्याला आजच्या प्राण्यांची नुसती हाडं मिळाली तर तो कशी चित्रं काढेल, तशी काढून दाखवली. हंसाला पिसं नाहीत, पंखांच्या जागी दोन विळे. बघून हसू येतं आणि मग जरा लाज पण वाटते.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहिलं. टी-रेक्स अमेरिकेतला. त्याचा आपल्याशी काही संबंध नाही बाप्पा. तुमचा पेपर ज्या जिल्ह्यात वाचला जातो त्या चंद्रपूर जिल्ह्यात, आमच्या वरोरा तालुक्यात, पिसदुरा आणि डोंगरगाव अशी दोन गावं आहेत. डोंगरगावला लांब मानेच्या एका डायनासोरचा सांगाडा मिळाला, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी तो काढला, 1997 मध्ये त्याचं वर्णन छापलं आणि 2003 पासून त्याचं नाव इसिसॉरस, इन्स्टिट्यूटच्या नावावरूनच. पुढचे पाय लांब, मान थोराड, एकूण ठेवण विचित्रच. डोकं मिळालेलं नाही. आणि पिसदुऱ्याच्या शेतात काय मिळतं, तर शेण. दगड झालेलं शेण. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं होतं काहीतरी भव्य दिसेल, तर कपाशीच्या धुऱ्यावर बटाट्यासारखे भुरकट दगड, आणि सोबतचा माणूस सांगतोय की गुरुजी हे डायनासोरचं आहे. मी हातातला पटकन खाली ठेवला, मग परत उचलला. (उचलून घरी आणू नका कुणी, तिथेच राहू द्या.)

तर या शेणाने 2005 मध्ये जगभर खळबळ केली. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी वगैरे मंडळींनी ते फोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि त्यात गवत सापडलं. गवताच्या पात्याने बोट कापतं ना, ते पात्यातल्या वाळूसारख्या बारीक कणांमुळे, हे कण कुजत नाहीत, आणि गवताचे कण आकारावरून ओळखू येतात. एकदोन नाही, किमान पाच प्रकारची गवतं निघाली, त्यात भाताच्या आणि बांबूच्या भाऊबंदांचीही. तोपर्यंत समज असा की गवत पसरलं ते डायनासोर गेल्यावर, चित्रकारांना अगदी बजावून सांगायचे की डायनासोरच्या पायाखाली गवत दाखवलं तर चूक धरली जाईल. ती चूक आमच्या तालुक्यातल्या शेणाने दुरुस्त केली! म्हणजे लगेच हिरवंगार कुरण काढू नका, गवत थोडंच होतं, बाकी झाडांचा पाला, सूचीपर्णी, ताडाच्या जातीतलं काहीबाही, असा सगळा मिश्र चारा. पानांवर रोग आणणाऱ्या बुरशीचे अंशसुद्धा त्याच शेणात दुसऱ्या अभ्यासकांना मिळाले. हे शेण इसिसॉरसच्याच जातकुळीतल्या टायटॅनोसॉरांचं असावं असं मानतात, कारण हाडं त्यांचीच आजूबाजूला मिळतात.

आता मला सांगा, कुठल्या डायनासोरचा जेवणाचा डबा आपल्याला इतका उघडून बघायला मिळालाय? आणि याचं चित्र कुठेय? आमच्या भागातल्या एका बागेत मागे फायबरचे डायनासोर बसवले, मुलांना मजा येते, येऊ दे, पण आहेत सगळे जबडा उघडलेले, पालापाचोळा खाणारे सुद्धा. एकाच्या तोंडात चिमणीने घरटं केलंय, तेवढंच काय ते खरं वन्यजीवन.

ज्वालामुखीचंही तेच. आपल्याकडे ज्वालामुखी होता हे खरं, महाराष्ट्राचा काळा पत्थर तिथूनच आलाय, पण तो पाटीवरच्या चित्रातला टोकदार डोंगर नव्हे. जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर यायचा आणि पसरत जायचा, मग मधे मोठी विश्रांती, त्या काळात तळी साचायची, झाडं उगवायची. डोंगरगावची हाडं ज्या थरात मिळाली तो लमेटा थर तर बहुतेक ठिकाणी त्या काळ्या पत्थराच्या खालीच आहे. तेव्हा मागे शंकूचा डोंगर आणि धूर काढलात की चित्र अमेरिकेचं नाही, भारताचं नाही, नुसतं कॅलेंडरचं होतं.

एक इशारा मात्र द्यायला पाहिजे, नाहीतर लोकं दुसऱ्या टोकाला जातील आणि आई पिल्लाला चाटतेय, पिल्लू गालात हसतंय असं सुरू होईल. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात टायटॅनोसॉरांची 92 घरटी आणि 256 अंडी मिळाली, 2023 मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या लोकांनी वगैरे छापलं. घरटी इतकी जवळजवळ की एवढ्या धिप्पाड आईला तिथे परत पाय टाकायला जागाच नाही, म्हणून अंडी घालून ती निघून जात असावी असं त्यांचं म्हणणं. कासवासारखं. तेव्हा ओव्हिरॅप्टरचे भाऊबंद खुडूक बसत होते म्हणून सगळ्यांना खुडूक बसवायचं नाही. गुजरातेत ढोली डुंगरीला तर अशाच घरट्यात फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला साडेतीन मीटरचा साप आहे, शेजारी नुकतं बाहेर आलेलं पिल्लू. नागपूरला जिऑलॉजिकल सर्व्हेत होते त्या धनंजय मोहबेंनी हा दगड 1987 मध्येच जगासमोर आणला होता, तेव्हा सगळी हाडं पिल्लाचीच वाटली होती, त्यात साप आहे हे नंतर जेफ विल्सन या अमेरिकन अभ्यासकाच्या लक्षात आलं आणि 2010 मध्ये सनाजेह असं त्याचं बारसं झालं. आता याचं चित्र काढताना पण सगळे साप झेप घेतानाच काढतात. मला विचाराल तर तो तिथे किती वेळ नुसता पडून राहिला असेल ते काढावं. धामण उंदराच्या बिळाशी कशी पडून असते बघितलंय का कधी, कंटाळा येईल एवढा वेळ.

आणि गायीगुरांवरून शिकायचं तेही सांभाळून. डायनासोरला हलणारे कान नव्हते, म्हणजे जनावराचा मूड दाखवायची आपली निम्मी युक्ती गेली. रवंथ दाखवू नका, रवंथ गाईम्हशींचा. गालातल्या गालात हसणं तर नकोच. उरतं काय, मानेचा बाक, शेपटीचं वजन, पिसं फुललेली की चापून बसलेली. डायनासोरचे जवळचे जिवंत नातेवाईक दोन, पक्षी आणि मगर, तेव्हा जी गोष्ट कोंबडीही करते आणि मगरही करते ती बिनधास्त काढा, जी फक्त आपली म्हैस करते ती काढताना दहादा विचार करा. आणि फ्रेम! जंगलात जनावर कधी मधोमध उभं राहून बाजू दाखवत नाही हो. अर्धं झाडाआड असतं, पाठमोरं असतं, लांब असतं, दोन फांद्यांमधून नुसती पाठ दिसते आणि आपण गाईडला विचारतो कुठेय कुठेय. तशी पाठ काढायला जास्त अभ्यास लागतो, जबडा काय कुणीही काढेल.

नातवाला मी हे सगळं सांगितलं, त्याने ऐकलं आणि टी-रेक्सचं तोंड खोडरबराने मिटवलं. आता तो टी-रेक्स जरा विचारात पडल्यासारखा दिसतो.

सोबत मी केलेलं एक चित्र पाठवतोय, जलरंग, पाव इंपिरियल कागद. पहाटेची वेळ, तळ्याकाठी इसिसॉरस पाठमोरा उभा आहे, शेपटी थोडी उचललेली, मागे ताजं शेण, त्यातून वाफ निघतेय, पुढे पाल्यात खुपसलेली मान. कुणी कुणाला खात नाही. छापलंत तर आनंद होईल, मानधन नको, चित्र परतही नको. फक्त एक विनंती, मागे माझं एक निसर्गचित्र एका अंकात छापून आलं होतं तेव्हा जागेसाठी खालचा भाग कापला होता. या वेळी जागा कमी पडली तर वरून कापा. डोकं गेलं तरी चालेल, ते तसंही मी अंदाजाने काढलंय. शेण कापू नका, तेवढंच पुराव्यानिशी आहे.

आपला,
एक रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर
वरोरा, जि. चंद्रपूर